सह्याद्री जलरंगात पुठ्ठ्यासारखा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अडीच वर्षं जलरंग करताय, पेपर चांगला वापरताय, व्हिडिओ बघून बर्फाची शिखरं झकास जमतात. पण लोहगड, राजगड, कळसूबाई असा आपल्याकडचा डोंगर घेतला की तो पुठ्ठा कापून आकाशावर चिकटवल्यासारखा दिसतो. लांबची रांग लांब जात नाही, जवळची गढूळ होते आणि पावसाळ्यातलं धुकं चुना फासल्यासारखं येतं. आणि शेवटी विचारलंय, रंग कोणते घेऊ?

रंगांकडे येतो, पण सगळ्यात शेवटी. तुमची तिन्ही चित्रं नीट पाहिली. रंग फारसे चुकलेले नाहीत. चुकलंय ते डोंगराचं हाड आणि पाण्याची वेळ. तीस वर्षं मी जवळजवळ फक्त सह्याद्रीच रंगवतोय, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांची गाडी याच दोन ठिकाणी अडते. माझीही अडली होती.

आधी हाडाचं बघू. ज्या शिखरांवर तुमचा हात बसलाय ती आल्प्सची किंवा हिमालयाची आहेत. जमिनीला घड्या पडून ते डोंगर वर आले. म्हणून त्यांना टोक असतं, धारा तिरक्या उतरतात, एका अंगावर ऊन आणि दुसऱ्या अंगावर सावली अशी सरळ वाटणी करता येते. सह्याद्री तसा झालेलाच नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, थिजला, आणि नंतर पाण्याने तो कोरून काढला. आपला डोंगर म्हणजे आजूबाजूचं वाहून गेल्यावर मागे उरलेला भाग. म्हणून माथे सपाट, थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे, आणि बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आलाय.

हे थर सगळे सारखे टणक नसतात. घट्ट काळ्या बेसॉल्टचा थर उभा तुटतो, तो कडा. त्याच्या वरखालचा सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून उतरता होतो, तिथे माती धरते, गवत आणि कारवी माजते, तो पदर. कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. लोहगडाकडे पवनेच्या काठावरून बघा किंवा भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडून रतनगडाकडे बघा, ही आडवी पट्ट्यांची चाल डोळ्यांना एकदा सापडली की नंतर ती दिसत नाही असा डोंगर विरळा. तुंगासारखे सुळकेवजा गड आहेत, पण त्यांच्याही अंगावर हे आडवे वळ असतातच.

आता याचा रंगकामाशी संबंध काय? सगळा संबंध इथेच आहे. पदर आकाशाकडे तोंड करून पसरलेला असतो, कडा उभा असतो. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून खाली झिरपतो. त्यामुळे पदरावर तो भरपूर पडतो आणि कड्यावर कमी. म्हणजे पदर उजळ, कडा गडद. डोक्यावर ऊन असलं तरी तेच. तुमच्या लोहगडाच्या चित्रात कडा आणि पदर दोन्ही एकाच टोनचे, म्हणजे सारख्याच गडद-उजळपणाचे आहेत, फक्त एक हिरवा आणि एक तपकिरी. रंग वेगळा, पण टोन एकच. त्या चित्राचा मोबाइलवर काळापांढरा फोटो काढून बघा, सगळा डोंगर एक सपाट करडा ठिपका होऊन जाईल. पुठ्ठा दिसतोय तो यामुळे.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो फार देखणा आहे. घाटाचे मोठे कडे पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून उभे आहेत. सकाळभर ते सावलीत निळे-काळे असतात. दुपार कलली की ऊन थेट त्यांच्या छातीवर येतं आणि मावळतीच्या आधी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नारिंगी होतो. तेवढ्या अर्ध्या तासात कडा उजळ आणि पदर मंद. म्हणून सह्याद्री रंगवणाऱ्याने पेन्सिल हातात घेण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की उजेड वरून येतोय की समोरून?

मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. कॉलेजात असताना आमच्या सरांबरोबर पवनेच्या काठी बसलो होतो. मी लोहगड-विसापूर रंगवत होतो, डावीकडे लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंड, मध्ये खिंड, उजवीकडे विसापूरचा लांबच लांब माथा. मला वाटत होतं फार जोरात चाललंय. सरांनी मागून येऊन पाहिलं, माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि पेन्सिल दिली. म्हणाले, “गडाच्या अंगावरच्या रेघा मोज.” मी म्हटलं, कसल्या रेघा? त्यांनी पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरायला लावली आणि ती वरून खाली सावकाश सरकवायला सांगितली. माथ्याखालचा कडा पेन्सिलीला समांतर. त्याखालचा पदर समांतर. त्याखालचा छोटा कातळ, तोही समांतर. मी मात्र माझ्या चित्रात सगळ्या रेघा माथ्यापासून खाली तिरप्या ओढल्या होत्या, कॅलेंडरवरच्या डोंगरासारख्या. पुढचे चार रविवार त्यांनी मला रंग उघडू दिले नाहीत. फक्त पायऱ्या काढायच्या. तुम्हीही तेच करा. पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद, ४बी पेन्सिल आणि तीनच टोन: आकाशाला कोरा कागद, पदराला मधला, कड्याला गडद. झाडं, मंदिर, तटबंदी काही नाही. डोळे बारीक करून बघा म्हणजे बारकावे आपोआप गळून पडतात.

आता लांबची रांग लांब का जात नाही ते सांगतो. डोंगर निळा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लांबच्या रांगेला लोक निळा रंग लावतात आणि ती जवळच राहते. कारण निळेपणा डोंगराचा नसून मधल्या हवेचा आहे. हवेचे कण निळा उजेड जास्त विखुरतात, तो विखुरलेला उजेड आपल्या आणि डोंगराच्या मध्ये भरून राहतो. जितकं अंतर जास्त तितका हा उजेड जास्त, आणि तो डोंगराच्या गडद रंगावर पसरत जातो. म्हणजे लांब जाताना दोन गोष्टी एकदम होतात. गडदपणा कमी होतो आणि डोंगर निळसर होतो. तुम्ही दुसरी गोष्ट केलीत, पहिली राहून गेली. तुमची शेवटची रांग निळी आहे, पण मधल्या रांगेइतकीच गडद आहे.

एक प्रयोग करा. जुन्या लग्नपत्रिकेला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. हात लांब करून त्या भोकातून सगळ्यात लांबची रांग बघा, मग पत्रिका तशीच सरकवून शेजारचं आकाश बघा. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण चमकतो. दोघांत फरक केसाएवढाच असतो. नजरेला तो डोंगर म्हणून ठाऊक असतो म्हणून आपण त्याला मनातल्या मनात गडद करून टाकतो. भोकातून पाहिलं की डोंगर नाहीसा होतो आणि नुसता टोन उरतो.

याच हवेची एक गंमत सांगतो, कारण ती चित्रात फार उपयोगी पडते. गडद डोंगर लांब गेला की निळा होतो, पण पांढरा ढग क्षितिजाजवळ गेला की किंचित पिवळट-गुलाबी होतो. त्याच्याकडून येणाऱ्या उजेडातला निळा भाग वाटेत विखुरला जातो, म्हणून. म्हणजे एकाच हवेमुळे डोंगर थंड आणि ढग उबदार. क्षितिजाजवळच्या ढगाला रॉ सिएना या पिवळसर मातकट रंगाचा अगदी पाण्यासारखा पातळ हात दिलात, तर त्याखालची निळी रांग आपोआप पाच कोस मागे जाते.

दुसरं निरीक्षण रांगेच्या पायथ्याचं. लांबच्या रांगेचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा गडद दिसतो. दऱ्याखोऱ्यांत खाली दमट हवा, धूर, धूळ साचलेली असते. वर हवा मोकळी असते. म्हणून प्रत्येक रांग वरच्या कडेला ठाशीव ठेवायची आणि खाली विरवत न्यायची. मग पुढच्या रांगेचा गडद माथा मागच्या रांगेच्या फिकट पायथ्यावर बसतो आणि दोघींच्या मध्ये खोरं उभं राहतं, न काढता. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. बोर्ड हाताच्या दोन-तीन बोटांइतका मागून उचललेला असावा. माथ्याची कड भरल्या ब्रशने एका हातात ओढायची, लगेच दुसऱ्या स्वच्छ ओल्या ब्रशने खालची कड पकडून पाणी खाली न्यायचं, आणि तळाशी जमलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपायचा. मग थांबायचं. पूर्ण वाळेपर्यंत.

हे थांबणं म्हणजेच दुसरा मोठा विषय, पाण्याची वेळ. तुमचा जवळचा डोंगर गढूळ होतो तो चार रंग मिसळल्यामुळे कमी आणि अर्धवट ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवल्यामुळे जास्त. ओल्या पेपरच्या चार अवस्था ओळखायला शिका. पहिली, पाणी तळ्यासारखं चकाकतं. त्यात रंग सोडला तर तो सगळीकडे धावतो. दुसरी, चकाकी जाऊन रेशमासारखी मंद झळाळी राहते. या वेळी दाट रंगाचा, कमी पाण्याचा ब्रश टेकवला तर रंगाच्या कडा मऊ येतात आणि आकार जागेवर राहतो. धुक्यातला सगळा खेळ या एका मिनिटाचा आहे. तिसरी अवस्था फसवी. झळाळी गेलेली असते, पेपर कोरडा वाटतो, पण बोटांची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. गार म्हणजे आत ओल आहे. या वेळी हात लावायचा नाही, अजिबात नाही. खालचा रंग अजून पेपरला धरलेला नसतो, तो उखडतो आणि वरच्यात मिसळतो. तुमच्या राजगडाच्या बालेकिल्ल्याखाली जो मळकट पट्टा आहे तो इथला. चौथी, पेपर गार लागत नाही. आता दुसरा हात द्या.

आणि एक गोष्ट मुलांना सांगून सांगून माझी जीभ झिजली: ब्रशमधलं पाणी पेपरवरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. जास्त असलं की ते आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडा असलेला डाग फुलतो. तो डाग निस्तरायला गेलात की आणखी वाढतो. तो तसाच वाळू द्यायचा. सह्याद्रीत त्याचं झाडीत रूपांतर करायला भरपूर वाव असतो.

आपल्या हवेत या चार अवस्थांचा वेग ऋतूप्रमाणे बदलतो आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याचा घोळ होतो तो इथे. मे महिन्यात पुण्या-नाशकात सकाळी दहानंतर उघड्यावर बसलात तर पहिल्यावरून तिसऱ्या अवस्थेत जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी उन्हाळ्यात सातच्या आत सुरुवात करतो, पेपर पाठपोट भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवतो म्हणजे खालूनही ओल मिळत राहते, आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकतो. जास्त नको, नाहीतर पेपर वाळतच नाही. जुलैत उलटं. ताम्हिणी घाटात छत्रीखाली बसलात तर एक वॉश (पातळ रंगाचा सपाट हात) अर्धा-पाऊण तास वाळत नाही. तिथे घाई करून दुसरा हात देणं म्हणजे चिखल. मी दोन बोर्ड नेतो, एक वाळत असताना दुसऱ्यावर काम. मित्र गाडी घेऊन आले असतील तर बोर्ड आत ठेवून हीटर लावायचा, हेही पुष्कळदा केलंय.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर पेपर कसा ठेवता तेही बघा. चांगल्या पेपरला जिलेटिनचं किंवा तसलंच साइझिंग, म्हणजे पाणी लगेच पिऊ न देणारा लेप असतो, त्यामुळे रंग वर तरंगतो आणि उजळ राहतो. दमट हवेत बुरशी हे साइझिंग खाते. पेपर वरून पांढराशुभ्र दिसतो, पण वॉश टाकला की जागोजागी टिपकागदासारखा रंग पितो आणि ठिपके काळवंडतात. एका पावसाळ्यात माझे चांगल्या पेपरचे दहा पूर्ण ताव असे गेले. दोष माझाच, बाहेरच्या भिंतीला लागून लाकडी कपाटात ठेवले होते. आता तीनशे जीएसएमचे (म्हणजे जाड) ताव कापून जाड प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवतो. तुमच्या तिसऱ्या चित्राच्या आकाशात जे बारीक काळे ठिपके आहेत ते बघून मला हीच शंका आली. कोपऱ्यावर नुसतं पाणी लावून बघा. पाणी थेंबासारखं थांबलं तर पेपर ठीक, लगेच मुरलं तर तो सरावाला वापरा.

आता धुकं. तुम्ही डोंगर पूर्ण रंगवून नंतर वर पांढरा पोस्टर कलर पातळ करून फिरवलाय. म्हणूनच चुना दिसतो. पारदर्शक जलरंगात उजेड पेपरवरून परत येतो, त्यावर अपारदर्शक पांढरा बसला की तेवढा भाग आंधळा होतो. धुकं रंगवायचं नाही, ते राखायचं असतं. आणि धुकं निळंही नसतं. धुक्यातले पाण्याचे थेंब हवेच्या कणांपेक्षा फार मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून पांढरं-करडं दिसतं. पावसाळ्यात लांबची रांग निळी काढली की चित्र खोटं वाटायला लागतं ते यामुळे.

माझी रीत सांगतो. समजा ऑगस्टमधली सकाळ आहे, समोर तिकोना किल्ला, अर्धा ढगात. पेपर अकरा बाय पंधरा इंच, म्हणजे पूर्ण तावाचा पाव भाग. पेन्सिलने फक्त माथ्याचा आकार आणि कड्याच्या दोन आडव्या रेघा, हलक्या. मग पूर्ण पेपर स्वच्छ पाण्याने भिजवायचा. कोबाल्ट ब्लू आणि चिमूटभर लाइट रेड (विटकरी तांबडा) यांचा करडा वरच्या भागात सोडायचा, मध्यावर येईपर्यंत तो संपलेला असावा. खालच्या तिसऱ्या भागात रॉ सिएनाची अगदी पुसट ऊब, कारण तिथे भातखाचरं येणार आहेत. आता ब्रश खाली ठेवून पेपर तिरका करून झळाळी बघत बसायचं. चकाकी मोडून रेशमी झाली की त्याच करड्यात थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घालून, ब्रश कपड्याला टिपून, तिकोन्याच्या माथ्याची फक्त डावी कड टेकवायची. ती किंचित फुलते आणि थांबते. उजवी कड काढायचीच नाही, ती ढगात आहे. मग खालचा कडा, मधला भाग वगळून. डोंगराचे दोन तुकडे दिसतात आणि मधलं नजर जोडते.

मग पूर्ण वाळवायचं. मग एकच ठिकाण निवडायचं जिथे कड धारदार, कोरडी, सुरीसारखी असेल. तिकोन्याच्या बाबतीत मी बहुधा बालेकिल्ल्याखालच्या कड्याचा एक कोपरा घेतो. तिथे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) दाट मिसळून ठामपणे एकदाच. सगळं चित्र मऊ असताना ही एक धार असली की बाकीचं मऊपण धुकं म्हणून कळतं. धार नसेल तर सगळं चित्रच फोकस गेलेल्या फोटोसारखं वाटतं. अशा धारा दोन झाल्या तरी चालतील, पाच झाल्या की धुकं संपलं.

चुकून धुक्याच्या जागी रंग गेलाच तर रुंद, मऊ ओल्या ब्रशने उचलायचा, टिशू दाबायचा नाही. टिशूने ढगाला सुरकुत्यांचे ठसे उठतात. आणि उचलता येतो तो कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन. थॅलो ब्लू आणि प्रशियन ब्लू पेपरच्या धाग्यांत शिरून बसतात, घासून पेपरची साल निघेल पण डाग जाणार नाही. म्हणून धुक्याच्या चित्रात ते पॅलेटवर ठेवूच नका.

धबधब्यांबद्दल थोडंसं. लांबून दिसणारी धार शुद्ध पांढरी नसते, कड्यापेक्षा उजळ असते इतकंच. कड्याचा रंग अजून ओलसर असताना जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने वरून खाली खरवडली की जी करडी-पांढरी रेघ येते ती बरोबर त्या टोनची असते. सगळ्या चित्रात एकच धबधबा कोऱ्या पेपरचा ठेवा.

हिरव्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसाळी सह्याद्रीत निम्मी चित्रं हिरव्याने मरतात, म्हणून सांगतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन डोंगरभर एकसारखा लावला की डोंगर बिलियर्डच्या टेबलासारखा होतो. लांब जाताना हिरव्यातला पिवळा आधी गळतो. पायाशी भातखाचरात लेमन यलो आणि थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे जवळजवळ पिवळाच. मधल्या पदरावर गॅम्बोज (गडद पिवळा), अल्ट्रामरीन आणि हिरव्याचा तोरा उतरवायला बर्न्ट सिएनाचा शिंतोडा. त्यापलीकडच्या रांगेवर पिवळा शून्य, नुसता कोबाल्ट-करडा आणि मनात हिरवा. सप्टेंबरअखेर पठारांवर सोनकी फुलते तेव्हा पिवळा डोंगराच्या माथ्यावर जातो आणि हे गणित विस्कटतं. तो पंधरवडा जपून रंगवा.

उन्हाळ्यात तर वेगळाच हिशेब. मार्च ते मे हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर. लांबच्या रांगा निळ्या नसून धुरकट जांभळट-मातकट असतात, आणि सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ यांतलं अंतर कमी झालेलं असतं. यलो ऑकर, लाइट रेड, कोबाल्ट यांतून ती सगळी रेंज निघते. बहुतेक लोक उन्हाळा कंटाळवाणा म्हणून घरी बसतात. मला मात्र वैशाखातला उघडा डोंगर फार आवडतो, कारण गवत जळून गेलेलं असतं आणि पायऱ्या बरगड्यांसारख्या दिसतात. हाडं शिकायला याहून चांगला काळ नाही.

आता रंग. आठ पुरेत: कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, लेमन यलो, गॅम्बोज, यलो ऑकर. यांतली सर्वात मोलाची जोडी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीनचे कण रफ पेपरच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर बारीक रवाळ पोत उमटतो. बेसॉल्टच्या कातळाला हाच पोत हवा असतो, आणि तो ब्रशने ठिपके देऊन कधीच येत नाही. प्रमाण बदललं की तोच रंग गार सावलीपासून उन्हातल्या तापलेल्या दगडापर्यंत जातो. ट्यूबमधला काळा आणि पेन्स ग्रे पेटीतून काढून ठेवा, निदान वर्षभर. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग नकोत. कंपनीबद्दल विचारलंत तर विद्यार्थी दर्जाच्या चोवीस रंगांपेक्षा आर्टिस्ट दर्जाचे हे आठ घ्या.

आणि गडद करायला घाबरू नका. तुमच्या कड्यांचा टोन ओला असताना बरोबर असणार, वाळल्यावर तो एक पायरी उतरलाय. जलरंग वाळला की फिका होतोच, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटेल असा लावायचा. जलरंगात गडद जमत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र आठवावं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. ते जलरंगातलं आहे. त्यातला अंधार किती खोल आहे आणि तरी कुठेही मळलेला नाही, हे प्रत्यक्ष उभं राहून बघण्यासारखं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की दर रविवारी नवा गड गाठावा का. मी म्हणेन नको. इंग्रज चित्रकार टर्नरने स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नच्या सरोवरापलीकडचा रिगी हा एकच डोंगर वेगवेगळ्या प्रहरांत पाहिला आणि १८४२ मध्ये त्याची तीन मोठी जलरंगचित्रं केली: निळा रिगी, तांबडा रिगी, काळा रिगी. डोंगराची रेघ जवळपास तीच, फक्त मधली हवा बदललेली. तुम्ही नाशिककडे राहता, तर अंजनेरी घ्या, घरापासून जवळ आहे. एकाच जागी बसा, पेपर एकाच आकाराचा, आणि महिन्यातून दोनदा तोच डोंगर. पहिले दोन-तीन महिने फक्त करड्या रंगात, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढंच. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ, आणि वॉश वाळायला लागलेली मिनिटं लिहा. पावसाळा लागला की ती मिनिटं बघून तुम्हाला ब्रश कधी टेकवायचा ते कळायला लागेल. दिवाळीपर्यंतची सगळी चित्रं एकत्र मांडून फोटो पाठवा, मी एकेक बघून लिहीन.